रिकाम्या कोनाड्याची सवय

म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये उ-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनाबाहेर श्पार्गेलची लाकडी टपरी परवा पुन्हा उभी राहिली. एप्रिल लागला की ती येते आणि जूनच्या अखेरीस गाशा गुंडाळते. श्पार्गेल म्हणजे आपल्या शतावरीच्या भाऊबंदांपैकी एक पांढरी भाजी. मातीचा उंच वरंबा करून तिला उन्हापासून लपवून वाढवतात, म्हणून ती हिरवी होत नाही. एरवी भाजीच्या बाबतीत अरसिक असलेली ही जर्मन माणसं या दोन-अडीच महिन्यांत श्पार्गेलसाठी वेडी होतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, नागपूरहून पहिल्यांदा आले तेव्हा टपरीसमोर थांबून त्यांनी विचारलं होतं, "काय गं प्रज्ञा, इथे एवढे खडू कोण विकत घेतं?"

आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला आणखी काय सुचणार. आता ती टपरी दिसली की मला तोच प्रश्न ऐकू येतो आणि तो एक वसंत जसाच्या तसा परत येतो.

त्या वर्षी पूर्वेला युद्ध पेटलं होतं आणि नळीतून येणारा गॅस बंद होईल या धास्तीने अख्खा देश स्वेटर शोधत होता. ऑफिसात हीटर कमी, पोहायच्या तलावाचं पाणी गार, ट्राममध्ये शेजारचा माणूस आपल्या बॉयलरविषयी असा बोलायचा की घरात कुणी आजारी आहे असं वाटावं. माझी नोकरी वायुगळती ओळखणारे सेन्सर बनवण्याची. त्यामुळे जो तो मलाच विचारायचा, गॅस मिळेल ना? जणू मी रोज डब्यातून थोडा घेऊन जात होते. आणि इथले पुढारी आखाताच्या फेऱ्या मारू लागले होते. टीव्हीवर रोज एक नवा राजवाडा, नवा गालिचा, नवं हस्तांदोलन. ज्यांना कालपर्यंत मानवी हक्कांचे धडे द्यायचे त्यांच्यापुढे आज हात पुढे करायचा, हा प्रसंग कुणालाच सोपा नव्हता, पण गालिच्यावर चालताना ते फारसं दिसत नव्हतं.

सुमेध, माझा नवरा, त्या वर्षी ड्युसेलडॉर्फच्या प्रोजेक्टवर होता आणि शनिवार-रविवारपुरता घरी यायचा. घरात मी, पहिलीत शिकणारी माझी मुलगी मैत्री आणि मामाजी. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण फ्राऊ लिंडनर. वरच्या पोटमाळ्याच्या खोलीत यूसुफ.

यूसुफ आखातातल्या एका राज्याचा. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याची माणसं अजून तिथे आहेत. समुद्राचं पाणी गोडं कसं करावं यावर तो विद्यापीठात पीएच.डी. करत होता, आणि राजाच्याच शिष्यवृत्तीवर आला होता. त्याचा थोरला भाऊ तिकडे वकील. तो एका धार्मिक पक्षात होता. त्या पक्षाचं मागणं असं की राजाने सत्ता लोकांनी निवडलेल्या संसदेकडे द्यावी आणि संसदेने कायदा शरियतला धरून करावा. राजाने भावाला तुरुंगात टाकलं. मग यूसुफची शिष्यवृत्ती थांबली. मग त्याच्या दूतावासाने पासपोर्टचं नूतनीकरण करायला नकार दिला. घरी परत या, तिथेच करून देऊ म्हणाले. घरी म्हणजे कुठे, ते त्याला नीट कळलं होतं. त्याने इथे आश्रय मागितला आणि सुनावणीची तारीख मेमध्ये पडली. त्या सुनावणीवर त्याचं सगळं अवलंबून होतं. इथे राहायला मिळालं तर माणूस, नाही तर भावाच्या शेजारची कोठडी.

ज्या राजाने भावाला कोंडलं, त्याच राजाकडे आमचे पुढारी गॅस मागायला गेले होते. यूसुफ हे माझ्याच स्वयंपाकघरात चहा पिताना, माझ्याच पेटत्या शेगडीकडे बघत सांगायचा. त्याच्या आवाजात तक्रार नसायची. मलाच उगाच शेगडी बारीक करावीशी वाटायची.

मामाजींशी त्याची गट्टी पहिल्याच आठवड्यात जमली. त्याच्या गावात दुकानदारापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे आपल्याकडचे, त्यामुळे त्याला तुटकं हिंदी यायचं. मामाजींचं हिंदी नागपुरी. राहिलेल्या जागा दोघं इंग्रजीने भरायचे. सकाळी दोघं इझार नदीच्या काठाने फिरायला जायचे. मामाजी डोक्याला मफलर गुंडाळून, हातात काठी, आणि यूसुफ त्यांच्या चालीने आपली चाल कमी करत. परत आले की मामाजी मला अहवाल द्यायचे. "पोरगा हुशार आहे. राजाविषयी त्याचं सगळं पटतं. राजाच्या जागी काय ठेवायचं यावर गाडी अडते."

फ्राऊ लिंडनरचीही गाडी तिथेच अडायची. त्या निवृत्त इतिहासशिक्षिका, अतिशय सज्जन बाई. कैद्यांच्या सुटकेसाठी दर शनिवारी मारीयनप्लाट्झच्या चौकात मेणबत्ती घेऊन उभ्या राहायच्या, आणि यूसुफच्या भावाचा फोटोही एकदा त्यांच्या हातात होता. पण जिन्यात गाठ पडली की आवाज खाली आणून मला म्हणायच्या, "हो, राजा वाईटच आहे. गेनाऊ, अगदी बरोबर. पण त्यानंतर कोण?" या एका प्रश्नात पश्चिमेचं अख्खं परराष्ट्रखातं बसतं असं मला वाटतं. निवडणुका व्हाव्यात, पण त्या जिंकणारे दाढीवाले नसावेत. राजा जावा, पण गॅस राहावा. त्यांच्यावर हसायची मला सोय नव्हती. माझ्या घरातला हीटर त्याच नळीला जोडलेला होता, आणि दाढीवाल्यांची भीती मलाही होतीच.

भीती म्हणण्यापेक्षा संशय म्हणू. देव आणि दंडा एका हातात आले की काय होतं, हे आमच्या घराण्याला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. आणि राजाचंही फार कौतुक आम्हाला करता आलेलं नाही. कुणाच्याही राज्यात आमची वस्ती गावाबाहेरच होती. त्यामुळे राजा विरुद्ध धर्म असा सामना टीव्हीवर रंगला की मला दोन्ही संघ परके वाटतात. टाळ्या कुणासाठी वाजवाव्यात ते कळत नाही.

जयंती त्या वर्षी रमझानात आली. आमच्या घरात जयंती म्हणजे एकच, एप्रिलमधली, ज्यांनी संविधान लिहिलं त्यांची. म्युनिक आणि आसपासची आमची पंधरा-वीस घरं भाड्याच्या हॉलमध्ये जमतात. कुणी ऑटो कंपनीत, कुणी संशोधनसंस्थेत, पोरं आपसात जर्मन बोलणारी. बुद्धवंदना होते, मग सगळे उभे राहून संविधानाची प्रस्तावना एका सुरात म्हणतात. इथे जन्मलेल्या मुलांना बाकी मराठी येवो न येवो, तेवढं पाठ असतं. मामाजींनी यूसुफला आग्रहाने आणलं होतं. तो मागे हात बांधून उभा होता. "आम्ही, भारताचे लोक" पासून शेवटापर्यंत त्याने मान जराही हलवली नाही. नंतर इंग्रजी प्रत माझ्याकडून मागून घेतली, दोनदा वाचली आणि मामाजींना विचारलं, "याच्या वर काही नाही?"

"कशाच्या वर?"

"पहिल्या शब्दाच्या. आमच्याकडे आधी अल्लाचं नाव येतं, मग राजाचं. लोक आले तर त्यानंतर. इथे वर कुणीच नाही?"

मामाजींनी चष्मा काढून पुसला. वर्गात चांगला प्रश्न आला की ते असंच करत असणार. "वर बसणारे आमच्याकडे फार होते, बेटा. म्हणून ती जागा रिकामी सोडली."

"रिकामी जागा धोक्याची असते," यूसुफ म्हणाला.

"असते तर," मामाजी म्हणाले.

त्या संध्याकाळी त्याचा इफ्तार आमच्याकडे होता. मी सावजी मसाल्याचं चिकन केलं होतं आणि तिखट निम्मं केलं होतं. मैत्री खजूर ताटलीत गोल मांडत होती आणि दर मिनिटाला खिडकीतून सूर्य बुडाला का ते बघून जर्मनमध्ये ओरडत होती, "नोख निश्ट!" अजून नाही! फ्राऊ लिंडनर मोठ्या प्रेमाने मोठं भांडं घेऊन आल्या. वाफाळते श्पार्गेल, बटाटे, लोण्याचा सॉस आणि वर इथल्या पद्धतीप्रमाणे गुलाबी हॅमच्या घड्या. भांडं टेबलावर टेकलं आणि त्यांच्या लक्षात आलं. चेहरा श्पार्गेलसारखा पांढरा. "माइन गॉट," अरे देवा, एवढंच म्हणाल्या. डुकराचं मांस रोजा सोडायला आणलं होतं त्यांनी.

यूसुफ काही बोलायच्या आत मामाजींनी ताट पुढे केलं. "हॅम इकडे द्या. आम्हाला काही वर्ज्य नाही. धर्म बदलल्याचा तेवढा एक फायदा." सगळे हसले, यूसुफ सगळ्यात जास्त. फ्राऊ लिंडनरनी एकेक घडी काट्याने उचलून मामाजींच्या ताटात ठेवली, आणि जेवताना त्यांनी त्या सगळ्या संपवल्या. आवडल्या नव्हत्या हे मला दिसत होतं.

धर्म बदलल्याची गोष्ट मग निघालीच. फ्राऊ लिंडनरना ती ऐकायची होती आणि सूर्य बुडायला वेळ होता. मामाजी तेव्हा सहा-सात वर्षांचे. कन्हानकाठी त्यांचं गाव. आईवडील पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षेला गेले आणि परत आल्यावर आईने भिंतीतल्या कोनाड्यातले देव काढले. पितळेचे टाक, एक तसबीर, शेंदूर फासलेला एक गोटा. सगळं टोपलीत घालून नदीत सोडलं. "कोनाडा काळा पडला होता, वर्षानुवर्षांच्या दिव्याच्या काजळीने. आणि मधे देवांच्या आकाराचे स्वच्छ डाग. मला फार भीती वाटली. वाटलं, आता भिंत पडणार."

"पडली?" मैत्रीने मराठीत विचारलं. ती मराठीत क्वचित बोलते, म्हणून लक्षात राहिलं.

"नाही ना. अजून उभी आहे."

मग यूसुफने आपला पक्ष समजावला. शांतपणे, कुणाला पटवायचा प्रयत्न न करता. राजाची मर्जी हा त्याच्या देशाचा कायदा आहे. सकाळी राजाला वाटलं की माणूस तुरुंगात, संध्याकाळी वाटलं की बाहेर. राजाच्याही वरचा असा एकच कायदा लोकांना ठाऊक आहे, तो अल्लाचा. तो आणला तर राजाला कुठेतरी बांधता येईल. "तुमच्याकडे राजाला बांधायला संविधान होतं. आमच्याकडे दुसरी दोरी नाही," तो म्हणाला. आणि हसून मामाजींना चिमटा काढला, "तुमचा धम्म तरी कुणी पसरवला? एका सम्राटानेच ना?"

"खरं आहे," मामाजींनी कबूल केलं. "आणि सम्राटाचं घराणं गेलं तसा धम्मही आमच्या देशातून गेला. राज्याच्या खांद्यावर बसलेला धर्म राज्याबरोबर पडतो." मग वर्गात पाठीमागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तशा नरम आवाजात त्यांनी विचारलं, "यूसुफ, समज तुझा पक्ष निवडून आला. तुझा भाऊ मंत्री झाला. आणि माझ्या आईसारखी एखादी बाई उठून म्हणाली, मी हा धर्म सोडते. माझा कोनाडा मी रिकामा करते. तर तिचं काय होईल?"

 फ्राऊ लिंडनरनी भांडं बाजूला सरकवलं. त्यांचा जिन्यातला प्रश्न कुणीतरी अखेर नीट विचारला होता.  यूसुफच्या फोनवर अजान वाजली. मैत्री ओरडली, "येट्स्ट!" आता! त्याने खजूर उचलला, तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि उत्तर दिलंच नाही. मामाजींनीही पुन्हा विचारलं नाही. ते म्हणाले, "जेव बेटा, दिवसभराचा उपाशी आहेस."

सुनावणीला तुम्ही आपल्याबरोबर कुणाला तरी नेऊ शकता. बायश्टांड म्हणतात, नुसता शेजारी बसणारा माणूस. यूसुफने मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं नाही. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा चालू होता, आणि धार्मिक पक्षाच्या माणसाच्या भावाशेजारी बसलेलं कुठे नोंदलं जाईल का, असा हिशेबी विचार मनात आला. सुमेधने फोनवर सांगितलं, तुला वाटेल ते कर, पण नीट चौकशी कर. मामाजी म्हणाले, "त्याच्या पक्षाला मत द्यायला थोडंच सांगतो आहे तो? शेजारी बसायला सांगतो आहे. शेजारी बसायला कुणी नसलं की काय होतं ते मला विचार."

मेमधल्या त्या सकाळी आम्ही गेलो. पायवाटेच्या कडेला चेस्टनटची झाडं फुललेली, स्टेशनाबाहेर टपरीसमोर रांग. आतली खोली लहान, एक झाड कुंडीत, एक संगणक. प्रश्न विचारणारी बाई माझ्याच वयाची होती, सभ्य, थकलेली. दुभाष्या अरबीतून जर्मनमध्ये आणि परत अशी ये-जा करत होता. भावाची अटक, पासपोर्ट, शिष्यवृत्ती, सगळं यूसुफने सरळ सांगितलं. मग तिने मान वर केली आणि विचारलं, "तुमच्या भावाच्या पक्षाशी तुम्ही सहमत आहात का? उद्या तो सत्तेत आला, आणि कुणाला धर्म सोडायचा असेल, तर सोडता येईल?"

 उत्तर एका शब्दाचं होतं. हो म्हणायचं, बस. कुणी पडताळायला जाणार नव्हतं. मनातल्या मनात मी ते त्याच्यासाठी दहादा म्हणून टाकलं.

 यूसुफ म्हणाला, "हाच प्रश्न मला एका वृद्ध माणसाने जेवणाच्या टेबलावर विचारला होता. त्याच्या आईने धर्म सोडला होता. मला त्याला उत्तर देता आलं नाही. जे त्याला देऊ शकलो नाही ते तुम्हाला कसं देऊ?"

दुभाष्याने ते जसंच्या तसं जर्मनमध्ये ठेवलं. बाईने टाइप केलं. 

परतीच्या उ-बानमध्ये मला त्याचा संताप आला होता.  अरे, स्वतःचा गळा असा कोण कापून देतं? एवढा सच्चेपणा राजवाड्यात जाणाऱ्या एकाही मंत्र्याने दाखवला नव्हता, मग यानेच का दाखवावा?  तो काचेबाहेर बघत बसला होता. घरी आल्यावर मामाजींना सगळं सांगितलं. ते बाल्कनीत मटार सोलत होते. त्यांनी हातातली शेंग तशीच ठेवली. "मला हो म्हणून सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता," म्हणाले. "पक्षाचं काही सांगता येत नाही. पोरगा मात्र खरा आहे." 

मामाजींचा व्हिसा आणि श्पार्गेलचा हंगाम बरोबरच संपले. विमानतळावर यूसुफने त्यांची बॅग उचलली आणि ते त्याला म्हणाले, "उत्तराची घाई नाही." टपरीची जागा मोकळी झाली होती, फुटपाथवर चार खिळ्यांच्या खुणा.

त्यानंतरच्या वर्षांविषयी लिहिण्यासारखं थोडंच आहे. गॅस आला, जहाजातून, थंड करून, द्रव करून. हिवाळे निभावले. मी जर्मन नागरिक झाले. यूसुफचा अर्ज नामंजूर झाला. भावाला धोका आहे म्हणून यालाही आहे असं सिद्ध होत नाही, असं काहीसं कारण होतं. त्या उत्तराचा निकालाशी संबंध होता की नाही, कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. कोर्टकचेरी झाली. पासपोर्टच नाही तर पाठवायचा कसा, म्हणून शेवटी हातात पडलं डुल्डुंग. म्हणजे तुम्हाला इथे राहायचा हक्क नाही, पण तूर्त तुम्हाला हाकलत नाही, सहन करतो. काही महिन्यांनी पुन्हा जायचं, पुन्हा मुदत वाढवून घ्यायची. पीएच.डी. झाली आहे, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तात्पुरतं काम आहे. आई आजारी पडली तेव्हा जाता आलं नाही.

व्हिडिओ कॉलवर मी मामाजींना डुल्डुंगचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे राहा, पण राहतो म्हणू नकोस. हे आपल्या ओळखीचं आहे गं. गावाने आम्हाला पिढ्यान्पिढ्या असंच ठेवलं."

या देशाने, म्हणजे माझ्या नव्या देशाने, यूसुफला हाकललं नाही हे मी देशाच्या बाजूने नोंदवते. ठेवलंही नाही. राजाला दुखवायचं नाही, राजाच्या शत्रूला जिंकू द्यायचं नाही आणि स्वतःच्या मनाला टोचू द्यायचं नाही, अशा तीन दगडांवर पाय ठेवायचा तर माणूस असाच मधे लोंबकळत राहणार. फ्राऊ लिंडनर आता चालायला काठी घेतात, पण शनिवारी जातातच. मधे एकदा जिन्यात म्हणाल्या, "मी फार वर्षं 'त्यानंतर कोण?' असं विचारत आले, प्रज्ञा. त्यानंतर काही काळ कुणीच नाही, हे आपल्याला सहन का होत नाही?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

परवा टपरी उभी राहिली त्याच दिवशी सकाळी यूसुफ आला. हातात श्पार्गेलची जुडी. त्याला ते अजूनही आवडत नाहीत, फ्राऊ लिंडनरसाठी आणतो. कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला. भाऊ सुटला होता. राजाने सोडला; अट एवढीच की टीव्हीवर येऊन पक्ष सोडल्याचं सांगायचं. त्याने सांगितलं. आता पक्षाची माणसं त्याला धर्म सोडल्यासारखं वागवतात. मशिदीत शेजारी उभं राहत नाहीत, आईच्या घरी कुणी येत नाही. आणि राजाची माणसं रोज दारावरून गाडी फिरवतात.

"सुटला हे बरं झालं ना?" मी विचारलं.

"बरं झालं. पण तो म्हणतो, मी आता कोण आहे तेच कळत नाही." यूसुफने कप फिरवला. "खरं सांगू? मलाही त्या इफ्तारच्या दिवसापासून कळत नाही. पक्ष माझ्यातून कधी गेला, मला समजलंच नाही. मामाजींना फोन लावशील? मला त्यांना एक विचारायचं आहे."

नागपुरात दुपार होती. मामाजी आता फार थकले आहेत, कानाला यंत्र आहे, स्क्रीनवर अर्धा वेळ त्यांचं कपाळच दिसतं. यूसुफने फोन तोंडाजवळ धरून मोठ्याने सगळं सांगितलं आणि विचारलं, "अंकल, कोनाडा रिकामा केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतात?"

त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग ते बोलले. "त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली. सवयीने अंगणातली फुलं तोडली आणि कोनाड्यापुढे येऊन उभी राहिली. आत काहीच नाही. हातातली फुलं कुठे ठेवायची तिला कळेना. मीही बाजूला उभा. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. कोनाड्यात दुसरं काही ठेवायची तिने घाई केली नाही. मग ती फुलं तिने माझ्या पाटीवर ठेवली आणि म्हणाली, जा, शाळेत जा."

"मग गेलात?"

"गेलो. पण या सगळ्यात उशीर झाला होता. मास्तरांनी बाहेर उभं केलं." स्क्रीनवर कपाळ हललं, ते हसत होते. "त्याआधी बाहेर बसायचो ते जातीमुळे. त्या दिवशी पहिल्यांदा उशिरा आलो म्हणून बाहेर होतो. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! बाकीची पोरंही उशीर झाला की अशीच बाहेर उभी राहायची."

यूसुफ हसला. डोळे पुसत बराच वेळ हसत राहिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो ताडकन उठला. डुल्डुंगची मुदत वाढवून घ्यायची त्याची वेळ होती, आणि त्याला उशीर होऊन चालणार नव्हतं.